विसाव्यापुढची पावलं

माझ्या आईला उंबरा अडवायचा. मोकळ्या अंगणात ती कशीबशी चार पावलं टाकायची, पण दार आलं की तिचे पाय जमिनीला खिळायचे. वरचं अंग पुढे झुकलेलं, हात चौकटीला आणि पाय मात्र कुणीतरी रोवून ठेवल्यासारखे. "जावा म्हणून सांगतीया की मी त्यास्नी," ती रडकुंडीला येऊन म्हणायची, "ऐकंनात मेले." कंपवाताचं हे रूप ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आणि मी, तिची एकुलती एक लेक मेघराणी, मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयात दिवसभर परक्या माणसांना चालायला शिकवत होते. लाज वाटायची, खरंच सांगते.

२०३६ साली आमच्या विभागात टिकली आली. तिचं खरं नाव लांबलचक होतं, ते कागदावरच राहिलं. कुंकवाच्या टिकलीएवढी चकती, कानामागच्या हाडावर चिकटवायची. ती आवाज करत नाही, हाडातून हलका ठोका देते. पेशंटला काही ऐकू येत नाही, पण अंगाला कळतं. दुसरी तशीच चकती चपलेच्या तळात, ती पावलं मोजते.

हे चालतं कसं ते थोडक्यात सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. समोर लेझीम सुरू झाली की बसल्या जागी आपलं बोट मांडीवर पडायला लागतं. आपल्याला वाटतं, ठोका ऐकला आणि बोट पडलं. तसं नसतं. बोट ठोक्याच्या बरोबर पडतं, मागून नाही. म्हणजे पुढचा ठोका कधी येणार हे मेंदूने आधीच ताडलेलं असतं, आणि हे ताडण्याचं काम मेंदूचा जो भाग करतो तोच हातपायही हलवतो. ताल कानाने कमी आणि अंगाने जास्त ऐकला जातो. कंपवातात हे आतलं घड्याळ मंदावतं. बाहेरून ठोका दिला की कठडा धरून जिना उतरावा तसे पाय त्याला धरून चालतात.

पण यंत्राचा ठोका आठ-पंधरा दिवसांत शिळा होतो. मेंदू कंटाळतो आणि पाय पुन्हा अडतात. माणूस वाजवतो तेव्हा प्रत्येक ठोका केसभर आधी किंवा केसभर नंतर पडतो, आणि ही केसभर चूक उगाच कशीही होत नाही. एका थापेची छाया पुढच्या हजारो थापांवर पडलेली असते. वाजवणाऱ्याला शेवटी कुठे जायचंय, ते त्याच्या पहिल्या थापेतही थोडंसं असतंच. आमचे विभागप्रमुख डॉक्टर मगदूम यांनी असं यंत्र बनवलं होतं, की त्याला एका माणसाचं लांबलचक वादन ऐकवायचं. मग ते त्या वादनाचा घाट शिकून, तो ताणून, स्वतःच लाखो पावलं पुरेल एवढा ताल घडवत राहायचं. प्रत्येक पेशंटला त्याच्या पावलागणिक वेगळा. त्यांना फक्त चांगला वाजवणारा हवा होता.

तो माझ्या घरातच होता. माझे आबा, केरबा आवळे, गडहिंग्लजच्या बाजूला हलगीसाठी नाव असलेला माणूस. कुस्तीचं मैदान असो, वरात असो, बैलांची मिरवणूक असो, आबांची हलगी कडाडल्याशिवाय कुणाचं अंग तापायचं नाही. मयतालाही आबाच वाजवायचे. ती वाजवणूक आमच्याच आळीने करायची असा गावचा जुना दंडक, आणि त्या दंडकाचा मला लहानपणापासून राग. मयताची हलगी सुरू झाली की आई मला घरात ओढून दार लावून घ्यायची. लेकराच्या कानावर ते पडू नये म्हणून. पुढे आठवीला मी कोल्हापूरच्या वसतिगृहात गेले. त्यामुळे स्वतःच्या बापाची ती हलगी मी कधी नीट ऐकलीच नाही.

मिरजेच्या त्या बंद खोलीत आबा अवघडून बसले होते. भिंतींना सगळीकडे स्पंज, त्यांना तो गादीचा कापूस वाटला. कातडं ताणण्यासाठी हलगी शेकावी लागते, पण तिथे शेगडी नाही म्हणून मी केस वाळवायचं यंत्र आणलं, त्यावरही ते हसले.

"काय वाजवू?" त्यांनी विचारलं.

"वरात नको, कुस्ती नको. चार माणसं ओझं घेऊन लांब चाललीत असं धरा. पावलं एकमेकांत अडकता कामा नयेत, कुणी ठेचकाळता कामा नये. असं काही आहे?"

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग वर बघितलं. "हाय की. पर त्ये छपराखाली वाजवत न्हाईत, मेघे."

मला वाटलं, गावाने घालून दिलेली कुठलीतरी बंदी म्हातारा अजून पाळतोय. डोकं तापलं माझं. "इथे कुणाची परवानगी लागत नाही आबा. आईला डोळ्यांसमोर आणा आणि वाजवा."

आबांनी हलगी जवळ ओढून घेतली. मग त्यांनी डोळे मिटले, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी घेतली आणि सुरुवात केली. सावकाश, जड, न थांबता अडीच तास. मध्ये एकदा क्षणभर हात थांबला, पुन्हा चालू झाला. शेवटी थांबले तेव्हा सदरा घामाने भिजला होता.

"अजून अर्धा तास हवाय," काचेपलीकडून डॉक्टर मगदूम म्हणाले.

"झालं," आबा म्हणाले. "ह्येच्या म्होरं काय नसतंय."

बारा पेशंटना आम्ही टिकली लावली. त्यात माझी आई तानूबाई, आणि शिरोळचे निवृत्त मुख्याध्यापक बाबगोंडा पाटील. गुरुजी पहिल्याच दिवशी हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "मेघराणीबाई, मार्क द्या आता." आई तर टिकली लावल्यावर उंबऱ्यापाशी आली, सवयीने थबकली आणि पाय आपोआप पलीकडे पडला. तिने खाली बघितलं आणि लहान पोरीसारखी हसली. आठवडाभरात डोक्यावर डबा घेऊन ती गिरणीला जाऊन आली. मी त्या दिवशी मिरजेत सगळ्या विभागाला पेढे वाटले.

एकच गोष्ट जरा खटकायची. बाराही जणांची चाल एकसारखी झाली. डावं पाऊल किंचित बाहेर, मान खाली, उजवा खांदा थोडा दबलेला. पाठमोरे चालत असले की कोण कुठला ते मला ओळखू यायचं नाही. डॉक्टर म्हणाले, ताल एकच आहे म्हटल्यावर चालही एकच होणार. मी ते पटवून घेतलं.

शंभराव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, गुरुजी हॉलमध्ये फेऱ्या मारत होते. मधेच थांबले. अडले नव्हते, थांबले होते. मग त्यांनी गुडघे वाकवले, उजवा खांदा हळूहळू खाली आणला आणि दोन्ही हातांनी काहीतरी जमिनीवर ठेवलं. तिथे काहीच नव्हतं. जपून ठेवलं, आवाज होऊ नये तसं. मग ते त्या नसलेल्या वस्तूला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले, वाकले, ती उचलून डाव्या खांद्यावर घेतली आणि पुन्हा चालायला लागले.

"गुरुजी, काय केलंत आत्ता?"

"कुठं काय केलं?" ते म्हणाले. खरंच त्यांना काही ठाऊक नव्हतं.

पुढच्या दोन आठवड्यांत आणखी तीन जणांनी तेच केलं. एकाने शेताच्या बांधावर, एकीने आजऱ्याच्या चर्चच्या आवारात, एकाने सांगलीच्या बाजारात ऐन गर्दीत. त्यांच्या माणसांनी घाबरून व्हिडिओ पाठवले. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं, पण वाकणं तेच, ठेवणं तेच. चपलेतल्या चकत्यांचे आकडे मी काढून बघितले, पुन्हा पडताळले. चौघांचं पाऊल एकच होतं, सहा लाख चार हजार एकशे बारावं.

डॉक्टर मगदूम आनंदाने खुर्चीतून उठले. "म्हणजे घाट खरंच शिकलंय यंत्र! एवढ्या लांबचा!" कसला घाट, ते त्यांना विचारायचं सुचलं नाही.

रविवारी गावी गेले आणि आबांना गुरुजींचा व्हिडिओ दाखवला. आत आई भांडी लावत होती, इकडून तिकडे चालत होती. आबांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून बघितला आणि एकदम खाली ठेवला.

"इसावा," ते म्हणाले.

"काय?"

"मयताची वाट आर्ध्याच्या म्होरं गेली की तिरडी खाली ठिवत्यात. खांदेकरी बाजू बदलत्यात. मी हितंच हात थांबवतो. तू म्हणलीस ओझं घेऊन चालायचं, चौघांचं पाऊल जुळाय पायजे. मला दुसरं कुठलं येतंय, पोरी? त्येच वाजवलं मी." त्यांनी हात चोळले. "सांगितलं हुतं तुला, छपराखाली न्हाई वाजवत म्हणून."

आजवर मी ज्याला गावची बंदी समजत होते ती आबांची स्वतःची भीती होती. मला पुढचं विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "आणि तुम्ही कुणाला घेऊन चालला होता आबा? वाजवताना?"

"तूच म्हणलीस न्हवं, आईला डोळ्याम्होरं आणा."

आतून आईने विचारलं, च्या ठेवू का. "ठेव," मी आत सांगितलं.

"इसाव्यापासून पुढे किती असतं?" मी हळूच विचारलं.

"आपल्या गावात इसाव्यापास्नं मसणवटी जवळच हाय. जेवढं चालून आलो, त्येच्या निम्म्यापेक्षा वाईच कमी." आबांनी बोटांवर हिशेब केला. "दाराशी हलगी बंद. आत वाजवत न्हाईत."

डॉक्टरांना हे सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. विज्ञान शिकलेल्या बाईने असलं बोलावं याचं त्यांना वाईट वाटलं. तरी खबरदारी म्हणून त्यांनी गुरुजींची टिकली काढून बघितली. गुरुजी पूर्वीपेक्षा वाईट अडले, खाटेवरून न्हाणीपर्यंतही जाईनात. चार महिने बाहेरच्या तालावर चाललेल्या मेंदूने आतलं घड्याळ पार बंद करून टाकलं होतं. चौथ्या दिवशी त्यांच्या मुलाने हात जोडले, तेव्हा ती पुन्हा लावली. आबांचं वादन यंत्रातून पुसून नवीन कुणाचं भरायचंही करून बघितलं. नव्या ठोक्यावर पाय हलायला तयार नव्हते.

आठ लाख एक्क्याण्णव हजारांच्या पुढे काही पावलं गेली आणि गुरुजी हॉलच्या मधोमध थांबले. या वेळी काही खाली ठेवलं नाही. मांडी घालून फरशीवर बसले, चेहऱ्यावर एक समाधान.

"गुरुजी, उठा."

"कशाला? आलो की आपण."

"कुठे आलो?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वर्गातली सगळ्यात ढ पोरगी आहे. "पोचलो," ते म्हणाले.

पायांत ताकद होती. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडायचा. पण दोघांनी काखेत धरून उभं केलं तर पाय लोंबकळायचे. त्यांना उठायचं नव्हतं असंही नाही, त्यांच्या अंगाला उठण्याचं कारणच उरलं नव्हतं. ते जेवायचे, बोलायचे, मुलांची चौकशी करायचे आणि ठेवू तिथे बसून राहायचे.

त्या दिवशी आईचा आकडा मी बघितला. तिचा विसावा कुणाच्या लक्षात न येता केव्हाच मागे पडला होता. तिची साडेपंधरा हजार पावलं राहिली होती. ती रोज सहा हजारांच्या आसपास चालायची.

रजा टाकून मी गावी गेले आणि आयुष्यात कधी केलं नाही ते केलं. आईला म्हणाले, बस, चालू नकोस. पाणी मी आणते, भाकरी मी करते, तू खाटेवरून हलू नकोस. पहिल्या दिवशी तिने हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या चपला लपवल्या, तेव्हा ती चिडली.

"हिंड म्हणून तूच पाठी लागलीस, आन आता बस म्हणतीस? काय मांडलंयस ह्ये?"

मी रडून सगळं सांगून टाकलं. मग तिनेच टिकली काढून माझ्या हातात दिली आणि उठली. स्वयंपाकघराच्या दारात जी अडकली ती चाळीस मिनिटं. घामाने निथळत, चौकट धरून. मी कमरेला धरून ओढते आहे आणि ती मूळ धरल्यासारखी उभी. शेवटी म्हणाली, "लाव ती." मी लावली.

"किती ऱ्हायल्यात म्हणलीस?"

"अकरा हजार."

"बरं. मग त्या मी माझ्या मनानं चालीन. तू मोजत बस."

ती खरंच चालली. एक दिवस शाळेपर्यंत गेली, जिथे तिने पंधरा वर्षं मुलांची खिचडी शिजवली होती. मोठ्या पातेल्याला हात लावून आली. एक दिवस ओढ्यावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसली. मी मागून मोबाइलवर आकडा बघत चालत होते, एकेक पाऊल वजा करत. पाच हजार. तीन हजार. तिची चाल मात्र आता कधी नव्हती एवढी सुंदर झाली होती.

"आबा," मी म्हणाले, "परतीचं वाजवा."

आबा अंगणात हलगीचं कडं पुसत होते. "परतीचं नसतंय. मसणातनं येताना हलगी काखंत असती. साठ वर्सांत कवा वाजवलं न्हाई मी."

"मग आता घडवा."

"असं घडवून हुतंय व्हय? हातात असाय लागतंय."

"मी ओझ्याचं मागितलं, तुम्ही दिलंत. आईला डोळ्यांसमोर आणा म्हणाले, आणलंत. आता मीच मागते, तिला परत आणा."

आबा उठले, काटक्या गोळा केल्या आणि जाळ करून हलगी शेकायला बसले.

डॉक्टर मगदुमांना मी फोन केला. गुरुजींना तसं बघून त्यांचा आनंद केव्हाच उतरला होता. त्यांनी एक बटणाएवढा मायक्रोफोन पाठवला, तो हलगीच्या कड्याला बांधायचा. म्हणजे आबा जे वाजवतील ते यंत्र स्वतःच्याच तालाचा पुढचा भाग समजून आईच्या टिकलीत पाठवेल. "एकदा तिच्या पायांनी ते धरलं की यंत्र शिकेल," ते म्हणाले. "पण धरायला हवं."

सकाळी नऊच्या उन्हात आई शेवटची तीनशे पावलं चालायला निघाली. मी म्हणत होते अंगणातच राहा, तर ती गावाबाहेरच्या सडकेला लागली. आंब्याच्या झाडाखाली थांबली, खाली बसली, पदर सारखा केला.

"आलं," ती म्हणाली. तेच समाधान तिच्या तोंडावर उतरलेलं बघून मला ओरडावंसं वाटलं.

आबांनी वाजवायला सुरुवात केली. आधी वरात वाजवली, त्यांच्याच लग्नातली. आई कौतुकाने ऐकत बसली. मग कुस्तीची, ज्याने मेलेलाही दंड थोपटेल असं गावात म्हणायचे. तिचं बोटसुद्धा हललं नाही. लेझमीची झाली, बैलांची झाली. तास झाला. आबांचा हात भरून आला, टिपरू हातातून निसटलं आणि ते मटकन सडकेच्या कडेला बसले.

"न्हाई येत मला," ते म्हणाले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

मी टिपरू उचलून त्यांच्यापुढे ठेवलं. मग आबा स्वतःशीच पुटपुटायला लागले. "जाताना समद्यांचं पाऊल येक. येताना न्हाई. येताना येक जण म्होरं, दोघं मागं, येकादा तंबाखू मळत थांबतोय, कुणाची चप्पल तुटल्याली. खांदा रिकामा. ठेका नसतोयच त्येला..."

त्यांनी टिपरू उचललं नाही. काडीही बाजूला ठेवली. नुसत्या बोटांनी हलगीवर वाजवायला लागले. त्याला ताल म्हणवत नव्हतं. एक थाप, मग दोन मागे राहिलेल्या, मग एक उगाच पुढे गेलेली. खूप माणसं आपापल्या पायांनी, आपापल्या विचारात घराकडे निघाल्यासारखी. सडकेवर आम्ही तिघंच होतो आणि आवाज पंधरा-वीस जणांच्या चपलांचा येत होता.

आईने मान उचलली. हात टेकला आणि उठली.

आबा आयुष्यभर मयताकडे तोंड करून, उलट पावलांनी चालत वाजवत आले होते. आताही ते तसेच तिच्याकडे बघत मागे मागे सरकत राहिले आणि आई त्यांच्या तोंडाकडे बघत घराकडे येत राहिली. मी बाजूने चालत होते. मधे दोनदा मी चटकन मागे बघितलं. सडक मोकळीच होती.

दारात आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. मी तिला धरायला पुढे झाले. पण ती अडली नव्हती.

"पाणी आण की पायावर," ती म्हणाली. "आन लिंबाचा पाला."

मी तांब्या आणला. तिने पाय धुतले, चूळ भरली, कडुलिंबाचं पान दाताखाली धरलं. मग आबांना विचारलं, "अवो, कोण गेलं हुतं?"

"कोण न्हाई गेलं."

"असं कसं? खांदा दुखतोय की माझा." तिने डावा खांदा दाबला. "हालकं हुतं. बाईमाणूस हुतं कोणतरी."

आबांनी हलगी खुंटीला अडकवली आणि तोंड फिरवून परड्यात निघून गेले.

यंत्र शिकलं. दोन दिवसांनी गुरुजींच्या टिकलीत आम्ही ते परतीचं सोडलं. ते फरशीवरून उठले, दारापर्यंत गेले आणि पाणी मागितलं. बाकीच्या दहांना पोचायच्या आधीच वळवलं. वर्ष होत आलं, बाराही जण चालतात, आणि आता प्रत्येकाची चाल ज्याची त्याची आहे. या ठेक्याला शेवट नाही, असं यंत्राचे आकडे सांगतात. डॉक्टर मगदुमांचा निबंध छापून आला, पुढच्या वर्षी टिकली राज्यभर जाणार आहे. निबंधात तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आहे: "चालताना मागे वळण्याबाबत किंचित अनिच्छा आढळली."

किंचित म्हणे. तपासून आम्हीच बघितलंय. बसलेले असताना मान दोन्हीकडे छान वळते. पण चालताना मागून कितीही हाका मारा, भांडं आपटा, नाव घेऊन ओरडा, बारांतला एकही जण वळत नाही. गुरुजींची नात मागे पडून रडत होती, तरी ते पुढेच गेले. घरी आल्यावर तिला शोधत बसले.

मी आबांना विचारलं, यात काही सुधारता येईल का.

"परतीच्या वाटंला मागं बघत न्हाईत, मेघे," ते म्हणाले. "त्ये काढलं तर मग ती परतीची वाट ऱ्हाईल का?"

मागच्या रविवारी मिरजेला निघाले तेव्हा आई आणि आबा मला एसटीच्या फाट्यापर्यंत सोडायला आले, आई भराभर चालत, माझी पिशवी स्वतःच्या हातात घेऊन. पूर्वी, पाय चांगले होते तेव्हा, गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती तिथेच उभी राहायची. दर दोन पावलांनी वळून बघत घरी जायची. माझ्या चुलत्या तिला त्यावरून चिडवायच्या. त्या दिवशी गाडी लागली, तिने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, "पोचलीस की फोन कर" म्हणाली आणि घराकडे तोंड करून चालायला लागली.

मी खिडकीत बसले. तिची पाठ दिसत होती. नको नको म्हणताना मी डोकं बाहेर काढून हाक मारली, "आई!"

फाट्यावरची माणसं वळली. कंडक्टर वळला. आईबरोबर चाललेले आबा थांबले आणि वळले. मी आणखी मोठ्याने ओरडले, लहानपणी ती मला वसतिगृहात सोडून जात असताना ओरडले होते तशी. आबांनी लांबून हात हलवला, मग तिला गाठायला त्यांना पळावं लागलं.

गाडी सुटली. आई वळणापर्यंत दिसत होती. पाऊल छान पडत होतं तिचं, कुठेही अडत नव्हतं.